इटालियन–मराठी अनुवाद

इटालियन–मराठी अनुवाद या संज्ञेत इटालियन भाषेतील मजकूर मराठीत आणि मराठीतील मजकूर इटालियनमध्ये नेण्याचे लेखी व तोंडी व्यवहार येतात. इटालियन भाषक प्रवासी, व्यापारी व धर्मप्रसारक सोळाव्या शतकाच्या आरंभापासून कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर येत होते. त्यामुळे या दोन भाषांचा संपर्क पाचशे वर्षांहून जुना आहे. मात्र इटलीची सत्ता या प्रदेशावर कधीच नसल्याने हा संपर्क बहुतांशी तिसऱ्या भाषेच्या मध्यस्थीने झाला. आरंभी ही मध्यस्थ भाषा पोर्तुगीज होती, एकोणिसाव्या शतकापासून ती इंग्रजी झाली. निकोलाओ मनुचीचा मोगलविषयक ग्रंथ, रोम येथे १७७८ साली छापलेले मराठीचे व्याकरण, विनायक दामोदर सावरकरांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेले मॅझिनीचे आत्मचरित्र आणि मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती हे या इतिहासातील महत्त्वाचे टप्पे होत. सध्याच्या काळात शिक्षण, विवाह, दत्तक, उद्योग व स्थलांतर यांसाठी लागणाऱ्या कागदपत्रांचा अनुवाद हा या व्यवहाराचा मोठा भाग आहे.

पार्श्वभूमी : इटालियन भाषेचा इतिहास

इटालियन ही इंडो-युरोपीय कुळातील रोमान्स गटाची भाषा असून ती बोलीरूप लॅटिनमधून विकसित झाली. लॅटिनपासून वेगळ्या अशा लोकभाषेचा इटलीतील सर्वांत जुना निश्चित कालोल्लेख असलेला पुरावा कापुआ येथील एका जमिनीच्या दाव्यात सापडतो. इ. स. ९६० मधील या निवाड्याचा मजकूर लॅटिनमध्ये आहे, पण साक्षीदारांचे शपथेचे वाक्य लोकभाषेत नोंदवलेले आहे. साक्षीदार जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत नोंदवण्याची ही गरज कायदेशीर स्वरूपाची होती.

तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या सिसिलीतील दरबारी लोकभाषेतील काव्य बहरले. त्यानंतर साहित्याचे केंद्र तोस्काना प्रांतात, विशेषतः फ्लॉरेन्समध्ये आले. दान्ते आलिगिएरी (१२६५–१३२१) याने लोकभाषेची थोरवी सांगणारा प्रबंध लॅटिनमध्ये लिहिला, तर आपले महाकाव्य मात्र फ्लॉरेन्सच्या लोकभाषेत रचले. संत ज्ञानेश्वरांनी संस्कृतातील भगवद्गीतेवर मराठीत टीका लिहिली ती १२९० साली. म्हणजे शास्त्राची भाषा सोडून लोकांच्या भाषेत लिहिण्याचा निर्णय दोन्ही प्रदेशांत जवळपास एकाच काळात झाला. याच सुमारास इटलीत लॅटिन ग्रंथ लोकभाषेत आणण्याची मोठी चळवळ उभी राहिली. या अनुवादांना 'वोल्गारिद्झामेंतो' म्हणजे लोकभाषाकरण असे म्हटले जाई. पंधराव्या शतकात लिओनार्दो ब्रुनी याने अचूक अनुवाद कसा करावा याविषयी लॅटिनमध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. युरोपातील अनुवादविचाराच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

१५२५ साली पिएत्रो बेंबो याने चौदाव्या शतकातील पेत्रार्क व बोक्काच्चो यांची भाषा प्रमाण मानावी असा आग्रह धरला. १५८३ साली फ्लॉरेन्समध्ये आकादेमिया देल्ला क्रुस्का ही भाषासंस्था स्थापन झाली. क्रुस्का म्हणजे कोंडा. पिठातून कोंडा चाळावा तशी भाषा शुद्ध करावी, या कल्पनेतून हे नाव आले. या संस्थेने १६१२ साली प्रसिद्ध केलेला शब्दकोश दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. आलेस्सांद्रो मान्झोनी याने आपली १८२७ सालची कादंबरी फ्लॉरेन्सच्या बोलण्यातील भाषेप्रमाणे पुन्हा लिहून १८४०–४२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा प्रमाणभाषेला आधुनिक वळण मिळाले.

१८६१ साली इटलीचे एकीकरण झाले, त्या वेळी प्रमाण इटालियन बोलू शकणाऱ्यांची संख्या अत्यल्प होती. भाषावैज्ञानिक तुल्लियो दे माउरो यांनी ती सुमारे अडीच टक्के मानली, तर आर्रिगो कास्तेल्लानी यांनी सुमारे दहा टक्के. उर्वरित लोक आपापल्या प्रादेशिक बोली बोलत. शाळा, सक्तीची लष्करी सेवा, स्थलांतर, नभोवाणी आणि १९५४ पासून दूरचित्रवाणी यांमुळे इटालियन ही खऱ्या अर्थाने सर्वांची भाषा झाली. १९९९ सालच्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने इटालियन ही राज्यभाषा असल्याचे स्पष्ट नमूद केले आणि १२ अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले.

आरंभीचा संपर्क : कोकण आणि गोवा

बोलोन्याचा प्रवासी लुदोविको दी वार्थेमा सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चौल बंदरात येऊन गेला. त्याचे प्रवासवर्णन १५१० साली रोममध्ये प्रसिद्ध झाले आणि लवकरच इतर युरोपीय भाषांत गेले. पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ साली गोव्यात आला. नेपल्सचा जेमेल्ली कारेरी १६९५ साली दमण, वसई व गोवा येथे आला होता. त्याने साष्टी बेटावरील कान्हेरी लेण्यांचेही वर्णन केले आहे.

भाषेच्या दृष्टीने या सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती (१५४०–१५८८). मिऱ्यांच्या व्यापारानिमित्त तो १५८३ साली कोचीनला पोहोचला, पुढे गोव्यात राहिला आणि तेथेच वारला. फ्लॉरेन्समधील मित्रांना लिहिलेल्या पत्रांत त्याने भारतातील शास्त्रभाषेत, म्हणजे संस्कृतात, आपल्या भाषेशी जुळणारे अनेक शब्द असल्याचे नोंदवले. सहा, सात, आठ व नऊ हे अंक आणि देव व सर्प या अर्थांचे शब्द ही त्याची उदाहरणे होत. विल्यम जोन्स याने संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाविषयीचे विधान १७८६ साली केले. सास्सेत्तीचे निरीक्षण त्याच्या दोन शतके आधीचे आहे. मात्र त्याच्या पत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले, त्यामुळे भाषाविज्ञानाच्या वाटचालीवर त्यांचा परिणाम झाला नाही.

सास्सेत्तीचे उदाहरण मराठीच्या संदर्भात अधिक बोलके ठरते. लॅटिनमधील 'सेप्तेम'चे इटालियनमध्ये 'सेत्ते' झाले. संस्कृतातील 'सप्त'चे प्राकृतात 'सत्त' व पुढे मराठीत 'सात' झाले. लॅटिन 'ऑक्तो'चे इटालियनमध्ये 'ओत्तो' झाले, तर संस्कृत 'अष्ट'चे प्राकृतात 'अट्ठ' व मराठीत 'आठ' झाले. दोन वेगळ्या व्यंजनांचा संयोग मोडून एकाच व्यंजनाचे द्वित्व होणे, ही प्रक्रिया दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली. इटालियन भाषा या द्वित्वावर थांबली. मराठीने एक पाऊल पुढे जाऊन द्वित्व काढले आणि आधीचा स्वर दीर्घ केला.

गोव्यात राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज होती. मराठी सत्तांशी चालणाऱ्या पत्रव्यवहारासाठी पोर्तुगीज शासनाकडे अधिकृत दुभाषे नेमलेले असत. इटालियन व्यक्तींनाही स्थानिक समाजाशी व्यवहार करताना पोर्तुगीजचाच आधार घ्यावा लागे. 'क्रिस्तपुराण' या मराठी काव्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज होते आणि त्यांनी १५७५ साली रोममध्ये जेझुइट संघात प्रवेश केला होता. परंतु गोव्यात आल्यावर त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्येच आहे.

निकोलाओ मनुची

व्हेनिसचा निकोलाओ मनुची (जन्म सुमारे १६३८) १६५६ साली भारतात आला. तो दारा शुकोहच्या तोफखान्यात होता, पुढे मिर्झाराजे जयसिंगाच्या सेवेत आला. १६६५ साली पुरंदरच्या तहाच्या वेळी जयसिंगाच्या छावणीत त्याची छत्रपती शिवाजी महाराजांशी भेट झाली. मनुचीला फारसी येत असल्याने पोर्तुगीज आणि पुढे मद्रासमधील इंग्रज यांनी त्याचा दुभाषा म्हणून उपयोग केला. १६८३–८४ च्या पोर्तुगीज–मराठा युद्धात गोव्याच्या व्हाइसरॉयने त्याला छत्रपती संभाजी महाराजांकडे वकील म्हणून पाठवले होते.

मनुचीने 'स्तोरिया दो मोगोर' हा आपला ग्रंथ एका भाषेत लिहिला नाही. हाताशी जो लेखनिक असेल त्याच्या भाषेप्रमाणे त्याने मजकूर सांगितला. त्यामुळे हस्तलिखिताचे काही भाग इटालियनमध्ये, काही पोर्तुगीजमध्ये तर काही फ्रेंचमध्ये आहेत. १७०५ साली फ्रान्स्वा कात्रू या जेझुइट लेखकाने मनुचीच्या साहित्याच्या आधारे फ्रेंचमध्ये स्वतःचा इतिहासग्रंथ प्रसिद्ध केला. मूळ मजकूर मागे पडून हे रूपांतरच दोन शतके वाचले गेले. विल्यम अर्विन यांनी बर्लिन व व्हेनिस येथील हस्तलिखितांचा शोध घेऊन १९०७–०८ मध्ये चार खंडांत इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा मनुचीचे स्वतःचे लेखन वाचकांसमोर आले. मराठीत ज. स. चौबळ यांनी हा ग्रंथ 'असे होते मोगल' या नावाने आणला. शिवकाळाच्या अभ्यासात मनुचीचा साधन म्हणून उपयोग होतो. असा उपयोग करताना एखादे विधान मनुचीचे आहे, लेखनिकाचे आहे की कात्रूचे, हे तपासावे लागते.

रोममधील मराठी मुद्रण

पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ साली रोममध्ये धर्मप्रसारासाठी 'प्रोपागांदा फिदे' ही संस्था स्थापन केली. पूर्वेकडील धर्मकार्यावर पोर्तुगीज राजसत्तेचे नियंत्रण होते, त्याला पर्याय म्हणून रोमने आपले प्रतिनिधी थेट पाठवण्यास सुरुवात केली. गोव्यातील दिवाडी बेटावरील मातेउश दे कास्त्रु यांचे शिक्षण रोममध्ये झाले. १६३७ साली बिशप झालेल्या कास्त्रु यांच्याकडे आदिलशाही मुलखाची जबाबदारी देण्यात आली आणि त्यांनी डिचोली येथे केंद्र उभारले. १७२० साली मुंबईतील कॅथलिक समाजाची व्यवस्था पोर्तुगीज धर्मगुरूंकडून कार्मेलाइट संघाकडे गेली. या संघाच्या मुंबईतील कार्यात इटालियन धर्मगुरूंचा मोठा सहभाग होता.

स्थानिक भाषा शिकण्यासाठी या धर्मगुरूंना साधनांची गरज होती. प्रोपागांदा फिदेच्या रोममधील छापखान्यात देवनागरीचे खिळे तयार झाले आणि १७७१ साली नागरी लिपीची ओळख करून देणारी लॅटिन पुस्तिका तेथे छापली गेली. १७७८ साली याच छापखान्यातून 'ग्रामातिका मारास्ता' हे मराठीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. मराठीच्या सर्वांत जुन्या मुद्रित व्याकरणांपैकी ते एक आहे. त्याच वर्षी ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी पुस्तिकाही तेथे छापली गेली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ साली छापले गेले. रोमचे पुस्तक त्याच्या २७ वर्षे आधीचे आहे.

हे व्याकरण इटलीत छापले गेले असले तरी त्यातील विवेचन पोर्तुगीजमध्ये आहे. शीर्षकात ही भाषा निजामशाही व आदिलशाही राज्यांत प्रचलित असल्याचे म्हटले आहे. १७७८ साली ही दोन्ही राज्ये अस्तित्वात नव्हती. निजामशाही १६३६ साली तर आदिलशाही १६८६ साली संपली होती. रोमच्या दप्तरात मात्र या प्रदेशांची जुनी नावेच चालू राहिली.

एकोणिसावे शतक : मुंबई आणि फ्लॉरेन्स

एकीकरणानंतरच्या इटलीत भारतविद्येच्या अभ्यासाला चालना मिळाली. फ्लॉरेन्स येथे १८७८ साली चौथी आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषद भरली. तेथील संस्कृतचे प्राध्यापक आंजेलो दे गुबेर्नातिस १८८५–८६ मध्ये भारतात आले आणि परतल्यावर त्यांनी फ्लॉरेन्समध्ये भारतीय वस्तुसंग्रहालय सुरू केले. मुंबईत राहणारे मूळचे गोव्याचे वैद्य व इतिहाससंशोधक जुझे जेर्सन द कुन्या (१८४४–१९००) यांच्याशी त्यांचा विद्याव्यासंगाचा संबंध होता. चौल व वसईच्या इतिहासावर आणि कोकणी भाषेवर द कुन्या यांनी लिहिलेले ग्रंथ इंग्रजीत आहेत. अशा रीतीने या काळात अभ्यासकांमधील देवाणघेवाणीची भाषा पोर्तुगीजऐवजी इंग्रजी झाली.

मॅझिनीचे मराठी आत्मचरित्र

इटलीच्या एकीकरणाचा पुरस्कर्ता जुझेप्पे मात्सिनी (१८०५–१८७२) हा मराठी वाचकांना 'जोसेफ मॅझिनी' या नावाने परिचित आहे. त्याने १८३१ साली मार्सेय येथे 'तरुण इटली' ही गुप्त संघटना स्थापन केली. नाशिकच्या 'मित्रमेळा' या संस्थेतून १९०४ साली उभी राहिलेली 'अभिनव भारत' ही संघटना याच नमुन्यावर आधारलेली होती, आणि तिच्या नावावरही इटालियन संघटनेच्या नावाची छाया दिसते.

विनायक दामोदर सावरकर जून १९०६ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे मॅझिनीच्या लेखनाचे सहा खंडांतील इंग्रजी भाषांतर उपलब्ध होते. ते १८६४ ते १८७० या काळात प्रसिद्ध झाले होते. सावरकरांनी इंग्रजीवरून आत्मचरित्राचा व निवडक राजकीय लेखांचा मराठी अनुवाद केला, त्याला विस्तृत प्रस्तावना जोडली आणि हस्तलिखित भारतात पाठवले. ज्येष्ठ बंधू गणेश तथा बाबाराव सावरकर यांनी ते १९०७ साली पुण्यात प्रसिद्ध केले. ब्रिटिश सरकारने पुढे या पुस्तकावर बंदी घातली.

हा अनुवाद दुहेरी प्रवास करून आलेला आहे. इटालियन मजकूर प्रथम ब्रिटिश वाचकांसाठी इंग्रजीत गेला. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये मॅझिनीविषयी सहानुभूती होती, कारण त्याचा लढा ऑस्ट्रियाच्या साम्राज्याविरुद्ध होता. तोच मजकूर मराठीत आल्यावर ब्रिटिश साम्राज्याविरुद्धचा ठरला. शब्दार्थात मोठा बदल न होताही वाचक बदलल्याने ग्रंथाचा राजकीय अर्थ बदलला. मधल्या भाषेची खूण पुस्तकाच्या नावातही राहिली आहे. 'जुझेप्पे'चे 'जोसेफ' हे इंग्रजीकरण मराठीत तसेच रूढ झाले.

माँटेसरी पद्धती आणि मराठी परिभाषा

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत पहिले 'काझा देई बांबिनी' म्हणजे 'मुलांचे घर' सुरू केले. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला या विचारांवर आधारित बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९२३ साली त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले आणि पुढे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले.

महागडी साधने आणि स्वतंत्र इमारत खेड्यांत शक्य नव्हती. त्यामुळे येथे केवळ शब्दांचा अनुवाद पुरेसा नव्हता. माती, पाने, बिया, शंख-शिंपले यांतून साधने तयार करण्यात आली. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. 'बालवाडी' आणि 'अंगणवाडी' हे शब्द या कार्यातून रूढ झाले. १९७५ साली केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या गावपातळीवरील केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले आणि ते देशभर पोहोचले. रोममधील कल्पनेतील 'घर' मराठीत 'अंगण' झाले.

माँटेसरी स्वतः नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. त्या इटालियनमध्ये व्याख्यान देत आणि त्यांचे पुत्र मारियो लगोलग इंग्रजीत सांगत. जून १९४० मध्ये इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरल्यावर इटालियन नागरिक म्हणून मारियो यांना अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी माँटेसरी यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने त्यांची सुटका झाली. अहमदाबादमधील व्याख्यानांवर आधारलेला माँटेसरी यांचा एक प्रमुख ग्रंथ १९४९ साली मद्रासला प्रथम इंग्रजीत निघाला. त्याची इटालियन आवृत्ती १९५२ साली आली.

याच युद्धात मराठी सैनिक इटलीत लढत होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ माँतोने या गावात २०२३ साली छायाघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले.

लिप्यंतर आणि उच्चार

इटालियन नावे मराठीत इंग्रजी वर्णलेखनावरून आल्यामुळे त्यांचे उच्चार बदललेले दिसतात. 'मिकेलांजेलो'चे 'मायकेल अँजेलो', 'फिरेन्त्से'चे 'फ्लॉरेन्स', 'नापोली'चे 'नेपल्स' ही त्याची उदाहरणे होत. इटालियनमधील 'त' व 'द' हे मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. इंग्रजी उच्चारावरून लिहिताना त्यांच्या जागी 'ट' व 'ड' येतात आणि 'दान्ते'चा 'डांटे' होतो.

प्रत्यक्षात काही इटालियन ध्वनी दाखवण्यासाठी मराठी ही इंग्रजीपेक्षा अधिक सोयीची आहे. 'चिवडा'मधील तालव्य आणि 'चांगला'मधील दंततालव्य असे 'च'चे दोन उच्चार मराठीत आहेत. तसेच 'जीव' व 'जग' यांतील 'ज'चे. इटालियनमध्येही हे चारही ध्वनी आहेत. 'चाओ' या अभिवादनातील ध्वनी 'चिवडा'मधला आहे, तर मराठीत 'पिझ्झा' लिहिल्या जाणाऱ्या शब्दातील ध्वनी 'चांगला'मधला आणि दुहेरी आहे. म्हणून त्याचा इटालियन उच्चार 'पित्त्सा'च्या जवळ जातो. इटालियनमध्ये द्वित्वाने अर्थ बदलतो. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. देवनागरी जोडाक्षरांत हा भेद स्पष्ट दाखवता येतो.

इटालियन वाहनांची नावेही मराठी बोलण्यात रुळली आहेत. पुण्यातील बजाज कारखान्यात १९६०च्या दशकात परवान्याने बनलेल्या 'वेस्पा'चा इटालियन अर्थ गांधीलमाशी असा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात 'ॲपे' म्हणून ओळखली जाणारी तीनचाकी गाडी पियाज्जो कंपनीच्या बारामती येथील कारखान्यात तयार होते. इटालियनमध्ये हा शब्द 'आपे' असा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ मधमाशी असा आहे.

व्याकरणातील अडचणी

मराठीत तीन लिंगे आहेत, इटालियनमध्ये दोन. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते, इटालियनमध्ये ते कर्मापूर्वी येते. आदरार्थी संबोधनाची पद्धतही वेगळी आहे. मराठीत आदरासाठी 'तुम्ही', 'आपण' ही रूपे वापरतात. इटालियनमध्ये 'लेई' हे मूळचे तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी एकवचनी सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांनाही आदराने वापरतात. फॅसिस्ट राजवटीने १९३८ साली 'लेई'वर बंदी घालून 'वोई' या रूपाची सक्ती केली होती; राजवट कोसळल्यावर 'लेई' पुन्हा रूढ झाले. मराठी घरात आईला 'तू' व वडिलांना 'तुम्ही' म्हणण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. आजच्या इटालियनमध्ये दोघांनाही 'तू' हेच संबोधन असल्याने कथा-कादंबरीच्या अनुवादात हा भेद अन्य मार्गाने सूचित करावा लागतो. योगायोगाने 'तू' हे सर्वनाम दोन्ही भाषांत जवळपास सारखेच उच्चारले जाते आणि त्याचा उगमही समान आहे.

व्यावसायिक अनुवाद

महाराष्ट्रात शासकीय अनुवादाची परंपरा ब्रिटिश काळातील मुंबई सरकारच्या प्राच्य अनुवादक कार्यालयापासून आहे. राज्यस्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय सुरू झाले. या संस्थांचा भर इंग्रजी–मराठी व्यवहारावर राहिला. इटलीत अनुवादक व दुभाषे यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली.

इटलीत शिक्षण, नोकरी, विवाह किंवा दत्तक यांसाठी सादर करायच्या कागदपत्रांचा अधिकृत इटालियन अनुवाद आवश्यक असतो. जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, न्यायालयाचे आदेश हे त्यांतील नेहमीचे कागद होत. सार्वजनिक दस्तऐवजांच्या प्रमाणीकरणाविषयीचा १९६१ सालचा हेग करार भारतात २००५ पासून लागू आहे. त्यानुसार परराष्ट्र मंत्रालय कागदपत्रावर 'अपोस्टिल' ही मुद्रा देते. ही मुद्रा सही व शिक्क्याची खातरजमा करते. मजकूर किंवा अनुवाद अचूक असल्याची हमी ती देत नाही. इटलीत अनुवादक न्यायालयात जाऊन अनुवाद मुळाबरहुकूम असल्याची शपथ घेतो. अशा शपथपूर्वक अनुवादास कायदेशीर मान्यता असते आणि तो चुकीचा असल्यास अनुवादकावर जबाबदारी येते.

मराठी कागद अनेकदा आधी इंग्रजीत व मग इटालियनमध्ये जातो. या दोन टप्प्यांत नावांचा घोळ होण्याची शक्यता असते. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. इटालियन नोंदीत नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात, त्यामुळे मधले नाव कोठे लिहायचे हा प्रश्न येतो. इटलीत स्त्रीचे जन्मनाव विवाहानंतरही शासकीय कागदांत कायम राहते. महाराष्ट्रात विवाहानंतर नाव व आडनाव बदलण्याची प्रथा असल्याने एकाच स्त्रीचे शाळेचे आणि पारपत्रावरचे नाव वेगळे असू शकते. 'देशपांडे', 'क्षीरसागर' अशा आडनावांचे रोमन वर्णलेखन दोन कागदांत दोन प्रकारे झाले असल्यास दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे असल्याचे सिद्ध करावे लागते. अशा प्रसंगी अनुवादक मूळ मजकूर स्वतःहून दुरुस्त करत नाही. तो जसाच्या तसा देऊन अनुवादकाची टीप जोडतो.

व्यावसायिक अनुवादसेवांसाठी २०१५ साली आयएसओ १७१०० हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यानुसार अनुवादकाने स्वतः तपासलेला मजकूर दुसऱ्या पात्र व्यक्तीने मुळाशी ताडून पाहणे बंधनकारक आहे. इटालियन–मराठी जोडीत दोन्ही भाषा जाणणारा असा दुसरा तपासनीस मिळणे इंग्रजीच्या तुलनेत कठीण जाते.

गूगलच्या यांत्रिक अनुवादसेवेत मराठीचा समावेश २०१३ साली झाला. थेट द्विभाषिक मजकूर पुरेसा नसलेल्या जोड्यांसाठी अशा प्रणाली दीर्घकाळ इंग्रजीला मध्यस्थ म्हणून वापरत आल्या आहेत. इंग्रजीत 'यू' हे एकच सर्वनाम असल्याने या मार्गाने जाताना इटालियनमधील 'तू' व 'लेई' हा भेद गळून पडतो, आणि मराठीत 'तू' यावे की 'तुम्ही' हे ठरवण्यास आधार उरत नाही. मराठी व इटालियन या दोन्ही भाषांत असलेला भेद केवळ मधल्या भाषेत नाही म्हणून हरवतो. थेट अनुवादाची गरज प्रामुख्याने अशा ठिकाणी जाणवते.

हेही पहा

इटालियन भाषा
निकोलाओ मनुची
थॉमस स्टीफन्स
ताराबाई मोडक
मारिया माँटेसरी
अभिनव भारत
भाषा संचालनालय, महाराष्ट्र